न घासलेला वाडगा

जत्रेच्या दुसऱ्या दिवशी स्पेनमधलं आमचं मानिसेस गाव दुपार होईपर्यंत धड डोळे उघडत नाही. आदल्या संध्याकाळी सजवलेल्या गाड्यांवरून गावभर भांडी उधळलेली असतात. हुस्ता आणि रुफिना या कुंभारांच्या दोन संत बहिणींच्या नावाने प्रत्येक कारखाना आपला माल गर्दीत वाटतो, आणि गर्दी टोपल्या, झोळ्या, उलट्या छत्र्या पुढे करून तो झेलते. झेललं ते झेलणाऱ्याचं, पडलं ते रस्त्याचं. दुसऱ्या दिवशी निळ्या-पिवळ्या खापऱ्यांवर जुलैचं ऊन पडतं, झाडूवाले अजून घोरत असतात, आणि चालणाऱ्याच्या पायाखाली सगळं गाव कुरकुर वाजत राहतं.

अशा त्या आळसावलेल्या वेळी रेमेईने कारखान्यातलं खालचं कपाट उघडलं. आत तिच्या नवऱ्याचा, बातिस्तेचा, कामाचा शर्ट होता, पण चोळामोळा होऊन पडलेला. तिने तो उचलून झटकला. मग कपाटात हात घालून चाचपलं, गुडघ्यांवर बसून आत डोकावून पाहिलं. शर्टात गुंडाळून ठेवलेला वाडगा नव्हता.

"नेऊस!"

"आई, ओरडू नकोस ना. डोकं ठणकतंय." तिची मुलगी दारात आली. हातात कॉफी, केसांत कालच्या कागदी फुलांचा चुरा.

"इथला वाडगा कुठाय?"

"कुठला?"

"काळा. शर्टातला."

"तो होय! तो गाडीवरून देऊन टाकला की. खोकी संपली, लोक हात पसरून उभे. म्हटलं, कपाटात काही सेकंडचा माल असेल तर तोच काढू. इतका काळा मिट्ट होता, भट्टीत बिघडलेला असणार."

रेमेई चाकाशेजारच्या स्टुलावर बसली. नेऊसने कॉफी खाली ठेवली, कारण आई ओरडली नव्हती, आणि या घरात ते लक्षण चांगलं नव्हतं.

साध्या भांड्याला दोन भट्ट्या पुरतात. सोनेरी झाक हवी असेल तर तिसरी लागते. तांबं आणि गेरू कालवून चितारायचं, मंद आचेवर ठेवायचं, आणि रोझमेरीच्या ओल्या फांद्या कोंबून भट्टीचा श्वास धुराने कोंडायचा. भांडं बाहेर येतं ते काजळीने लडबडलेलं. मग ओली वाळू घेऊन घासायचं. खाली सोनं निघतं नाहीतर चिखल निघतो, आणि घासेपर्यंत ते खुद्द देवालाही ठाऊक नसतं, असं बातिस्ते म्हणायचा. बातिस्ते पुष्कळ काही म्हणायचा. झोपेतसुद्धा म्हणायचा.

तो वाडगा त्याने शेवटचा केला. उजवा हात लुळा पडल्यावर डाव्या हाताने चितारला, कोणाला आत येऊ दिलं नाही, भट्टी स्वतः लावली, स्वतः उघडली. "घासून बघ," तो तिला म्हणाला होता. "मग बोलू." ती म्हणाली, "आधी तू औषध घे." त्याच रात्री त्याला इस्पितळात नेलं आणि तिथून तो परत आला नाही.

याला आता तीन वर्षं झाली. रेमेईने कितीदा वाळू आणि पाणी समोर घेतलं असेल. प्रत्येक वेळी वाडगा हुंगायचा, धुराचा आणि रोझमेरीचा वास यायचा, आणि ती तो पुन्हा शर्टात गुंडाळून ठेवायची. जन्मभर बोलत राहिलेल्या माणसाचं एक वाक्य अजून ऐकायचं बाकी होतं. ते ऐकलं की संपलं. मग बातिस्ते खरोखरच गप्प होणार. आणि दुसरी एक भीती होती, ती रेमेई मनातल्या मनातही पुरती बोलत नसे. काजळीखाली नुसता चिखल निघाला तर?

"मला कसं कळणार, आई?" नेऊसचे डोळे भरले. "तू कधी सांगितलंस का?"

"सांगण्यासारखं असतं तर सांगितलं नसतं? कोणी झेलला?"

"एक म्हातारी होती. काळी छत्री उलटी धरलेली, गळ्यात पिवळा रुमाल. पेन्शनरांची सहल आलीये ना उत्तरेकडून, त्यातली. आज गाव बघणार आणि संध्याकाळी त्यांची बस." नेऊसने नाक पुसलं. "तिने झेलला आणि काय केलं माहितेय? वास घेतला. मला वाटलं, येडी आहे."

रेमेई उठली. शर्ट तिने खुंटीला टांगला, मग पुन्हा काढून नीट घडी करून कपाटात ठेवला.

"आई, झेललेलं परत मागत नाहीत गं. लोक काय म्हणतील?"

"मागायला कोण चाललंय? बघायला चाललेय."

"काय बघायला?"

"गाव!" रेमेई म्हणाली आणि बाहेर पडली.

उन्हाने गल्लीचा रंग उडाला होता. दोन्ही बाजूंना फरशांनी मढवलेल्या भिंती, आणि त्यांच्यातून निळी जहाजं, पिवळी लिंबं, देवदूतांचे गाल एकेक करून उजळत आणि विझत होते. एक विमान छपरांना जवळजवळ घासत विमानतळाकडे उतरलं. त्याची सावली रस्त्यावरून आली, तिच्या अंगावरून गेली, आणि क्षणभर गारवा वाटला. रात्रभर फटाक्यांनी तिला झोप नव्हती. पाय चालत होते, पण ते आपलेच आहेत असं काही तिला वाटत नव्हतं.

संग्रहालयाच्या दाराशी कोन्सोल पंखा हलवत बसली होती. रेमेईला पाहून तिचा पंखा थांबला.

"रेमेईमावशी! तुम्ही आणि इथे? तिकीट फाडू का?"

"फाड की. माझा नवरा दर रविवारी येऊन तुमच्या भांड्यांशी भांडायचा, त्याचंही मागचं वसूल कर."

"भांडायचे कुठे? गप्पा मारायचे." कोन्सोल हसली, मग हसू आवरून म्हणाली, "खूप दिवसांनी आलात."

पिकतं तिथे विकत नाही. गावातला माणूस गावातलं संग्रहालय पाहतो ते शाळेत असताना, आणि त्यानंतर पाहुणे आले तर. रेमेईचं कारण निराळं होतं. बातिस्ते गेल्यावर या दारावरून जाणंही तिने टाळलं होतं. पण कुंभाराची सून कधी ना कधी उकिरड्यावर येतेच.

"पिवळे रुमालवाले येऊन गेले का?"

"आत्ताच देवळाकडे गेले. आणि त्यातल्या एकीने वरच्या दालनात काचेला काळा अंगठा लावून ठेवलाय बघा. फडकं घेऊन चाललेच होते."

"थांब," रेमेई म्हणाली. "पुसू नकोस."

वरच्या दालनात झडपा लावलेल्या होत्या. फटींतून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्यांत जुन्या थाळ्या नुसत्या तरंगत होत्या. मधल्या कपाटात ती होती, बातिस्तेची थाळी. म्हणजे त्याच्याही कित्येक पिढ्या आधी कोणा अनामिकाने केलेली, पण बातिस्ते तिला आपलीच समजायचा. सोनं नाही आणि रक्तही नाही, दोन्हींच्या मधला कुठलातरी रंग. तो काचेला कपाळ टेकवून तिला विचारायचा, "सांग ना गं बये, कशी झालीस?" आणि खाली थांबलेल्या रेमेईला त्या थाळीचा हेवा वाटायचा. हो, थाळीचा! बाई असती तर झिंज्या तरी उपटता आल्या असत्या.

काचेवर, बरोब्बर त्याच्या कपाळाच्या उंचीवर, काळा ठसा होता.

रेमेई जवळ गेली. नाक काचेला लागलं. धूर आणि रोझमेरी. तिने आपला अंगठा त्या ठशावर ठेवला, आणि तिला वाटलं, हा इथे उभा होता. आत्ताच होता. खालच्या दालनात गेला असेल, नाहीतर पुढे रस्त्याला लागला असेल, त्याला कुठे धीर असतो.

मूर्खासारखं काय बोलतेस, तिने स्वतःला दटावलं. म्हातारी आहे ती, उत्तरेकडची, छत्रीवाली.

पण जिना उतरताना तिने कठड्याकडे पाहिलं, आणि कठड्यावर दुसरा ठसा होता.

त्यानंतर ती ठसे शोधतच चालली. चौकातल्या फरशीच्या बाकावर, चितारलेल्या पांढऱ्या सशाच्या कानाशी एक. हॉर्चाता या थंड सरबताच्या दुकानाबाहेर रिकाम्या पेल्यावर एक, थंड पेल्यावरून ओघळलेला. एका कोनाड्यातल्या संत रुफिनाच्या पायाशी तर पाचही बोटं. जन्मभर ती या कोनाड्यावरून भाजी घेऊन गेली होती, आणि रुफिनाच्या हातातल्या घड्याला तडा आहे हे तिला आज दिसलं. बातिस्तेने ते तिला हजारदा सांगितलं असणार. तिने ऐकलं नसणार. आता तो पुढे चालत होता आणि जाता जाता बोट ठेवून दाखवत होता, हे बघ, आणि हे बघितलंस का? गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कुठल्याशा घरातून भाजलेल्या भाताचा वास येत होता, कुठे पाळण्याची कडी कुरकुरत होती. रेमेईला घाई करावीशीच वाटेना. असंच चालत राहावं, तो पुढे, आपण मागे, आणि गाव संपूच नये.

देवळाच्या घुमटावरची कौलं तांब्यासारखी पेटली होती. आत मात्र विहिरीतला गारवा. पुजाऱ्याचा मदतनीस ओनोफ्रे दाराजवळच्या पवित्र पाणी ठेवलेल्या दगडी शिंपल्यापाशी कमरेवर हात ठेवून उभा होता.

"मावशी, बघा, बघा हे! कोणीतरी भट्टी पुसलेले हात बुडवलेत. आता हे पाणी पवित्र म्हणायचं की गटाराचं?"

शिंपल्यातलं पाणी राखाडी झालं होतं. वर काजळीची साय धरली होती, आणि तिच्यावर रंगीत काचेतून आलेला प्रकाश हळूहळू फिरत होता.

"ओतून टाकतो," ओनोफ्रे म्हणाला.

"हात लावशील तर बघ." रेमेईने बोटं बुडवली. कपाळावर, छातीवर, दोन्ही खांद्यांवर ओला काळा क्रूस काढला.

"गेले कुठे ते लोक?"

"गेले नाहीत, बाजूच्या खोलीत चांदी बघतायत. पाच मिनिटांत येतील. बसा जरा, तुमचा चेहरा बरा दिसत नाही."

ती बसली. बाकाचं लाकूड थंड होतं. मांडीवर हात ठेवले आणि डोळे मिटले, फक्त जळजळ थांबावी म्हणून.

बातिस्ते पिवळ्या रुमालवाल्यांच्या घोळक्यात उभा होता. त्याच्याही गळ्यात पिवळा रुमाल. मान वर करून तो घुमटाकडे पाहत होता, एखाद्या परगावच्या पाहुण्यासारखा, आणि दोन्ही हात धडधाकट होते. रेमेई त्याला हाका मारत होती. चल घरी, जेवण थंड होतंय, नेऊस वाट बघतेय. तो म्हणाला, "थांब गं, गाव बघतोय." तिने विचारलं, "वाडग्यात काय आहे?" तो वळला. तोंड उघडलं.

"मावशी. ओ मावशी. घोरताय."

"मी घोरत नाही."

"मग संत योहान घोरत असतील." ओनोफ्रेच्या हातात किल्ल्यांचा जुडगा होता. "बंद करायचंय मला."

फरशीवरचा उजेड पार दुसऱ्या भिंतीवर चढला होता. रेमेई ताडकन उठली.

"ते लोक?"

"कधीच गेले. तुम्ही झोपलात, उठवावंसं वाटलं नाही. जुना कारखाना बघून कमानींकडे जाणार होते. बस तिथेच लागलीये."

"मेल्या, उठवायचं नाही?"

मग ती धावली. तिच्या वयाची बाई जेवढी धावते तेवढी. जुन्या कारखान्याच्या दर्शनी भिंतीवर फरशांत चितारलेली एक राणी हात पसरून उभी होती, तिच्या घागऱ्याच्या काठाला काळं बोट लागलेलं दिसलं, पण रेमेई थांबली नाही. स्वप्न कुठल्या कुठे उडालं होतं. आता तिला स्पष्ट दिसत होतं ते एक परकं स्वयंपाकघर, दूर कुठेतरी, पावसाळी डोंगरात. कोणीतरी एक दिवस भांडी घासायला काढणार, त्यात हा वाडगा असणार, आणि बातिस्तेचं राहिलेलं वाक्य ती बाई ऐकणार. नळाखाली, ताटल्या विसळता विसळता! ऐकून तिला काही कळणारही नाही. मग आपण नाही ऐकलं तर नाही, चिखल निघाला तर निघाला, पण ते दुसऱ्या कोणाच्या कानात पडणं रेमेईला सहन होणार नव्हतं. इतकी वर्षं आपण ते जपून ठेवलं असं तिला वाटत होतं. ठेवलं होतं खरं, पण कुलूप नसलेल्या कपाटात.

गावाबाहेर जुन्या पाटाच्या दगडी कमानी आहेत. बस त्यांच्या पलीकडे उभी होती, इंजिन चालू, आणि पिवळे रुमाल एकेक करून पायऱ्या चढत होते. शेवटच्या कमानीच्या सावलीत एक जाडजूड म्हातारी दगडावर बसली होती. बूट काढून ठेवलेले, शेजारी काळी छत्री. मांडीवर वाडगा, आणि ती अंगठ्याने त्याचा काठ कुरवाळत होती.

रेमेई तिच्यासमोर उभी राहिली. वाटभर जुळवलेलं एकही वाक्य तिला आठवेना.

"बसा की," म्हातारी सरकून म्हणाली. "दमलेल्या दिसता. गाव छान आहे हो तुमचं, पण माझ्या पायांचा भुगा झाला. मी ओबदुलिया."

"रेमेई." ती बसली. थोडा वेळ तिला फक्त दम लागत होता. "ते... ते वाडगं."

"आवडलं ना?" ओबदुलियाचा चेहरा खुलला. "काल सगळ्या बायका चकचकीत भांड्यांवर झडप घालत होत्या. मला चकचकीत नको असतं. आमच्या डोंगरात भांडी काळीच. खड्डा खणायचा, लाकडं रचायची, वर माती लोटून धूर आतच मारायचा. माझी आई करायची. तिच्यामागे कोणी केली नाहीत. आणि काल या सगळ्या सोन्यानिळ्यातून हे काळं उडत आलं, थेट माझ्या छत्रीत. मला वाटलं, आईनेच फेकलं."

तिने वाडगा उचलून हुंगला. "आमच्याकडे पाइनचा वास यायचा. याचा निराळा आहे. पण धूर तो धूरच."

ही बाई वाईट असती, हावरी असती, तर किती सोपं झालं असतं.

"ते काळं नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"घासलेलं नाही. वरची काजळी आहे ती. माझ्या नवऱ्याने केलंय. शेवटचं. मुलीने चुकून दिलं."

ओबदुलियाचा अंगठा थांबला. बसमधून एक तरुण आवाज आला, "ओबदुलियाआजी, चला!" तिने मान वळवली नाही.

"परत हवंय का तुम्हाला?"

"आमच्याकडे झेललेलं परत मागत नाहीत."

"मग?"

"मला घासायचंय," रेमेई म्हणाली, आणि ते ऐकून तिचं तिलाच नवल वाटलं. "आत काय आहे ते मी अजून पाहिलेलं नाही. तुम्ही घेऊन जा हवं तर. पण आधी मला बघू दे."

ओबदुलियाने वाडगा उजेडाकडे फिरवून पाहिला. "घासलं की काळं जाणार."

"हो."

"आईचं राहणार नाही."

"नाही."

कमानीवरून एक विमान गेलं. मग ओबदुलियाने वाडगा रेमेईच्या मांडीवर ठेवला.

"बाहेरून हात लावू नका," ती म्हणाली. "बाहेरचं माझ्या आईचं. आतलं तुमच्या नवऱ्याचं. आत घासा."

कमानीच्या पायथ्याशी बारीक वाळू साचली होती. ओबदुलियाने बाटलीतलं पाणी ओतलं, गळ्यातला पिवळा रुमाल काढून दिला. रेमेईने मूठभर ओली वाळू घेतली आणि हात थांबला.

"घासा ना," ओबदुलिया म्हणाली. "बस माझ्यासाठी थांबेल. येताना रात्रीच्या प्रवासात मीच त्या बसवाल्या पोरांना गोष्टी सांगून जागं ठेवलंय."

रेमेईने घासायला सुरुवात केली. आधी काळा चिखल आला, मग तपकिरी चिखल. तिने पुसलं, पुन्हा वाळू घेतली. पुन्हा चिखलच. गेलं, तिला वाटलं, हेच निघालं. तरी हात थांबेनात. आणि मग तळाशी, एका रेघेइतकं, काहीतरी लाल चमकलं.

ओबदुलिया वाकली.

सगळीकडे रंग आला नव्हता. एका बाजूला धूर जास्त बसून सगळं करपलं होतं. पण उरलेल्या भागात तो रंग होता, सोनं नाही आणि रक्तही नाही, आणि त्यात डाव्या हाताच्या थरथरत्या, वेड्यावाकड्या रेघा. जुन्या थाळ्यांवर असते तशी एक बाई. त्या बायकांच्या हातात पंखा असतो, चेहरा शांत असतो. हिच्या हातात पळी होती. दुसरा हात कमरेवर. अंबाडा सुटलेला. आणि तोंड उघडं, असं उघडं, की अर्धा चेहरा तोंडच झाला होता.

"गातेय का ही?" ओबदुलियाने विचारलं.

"गात नाही," रेमेई म्हणाली. "ओरडतेय."

"कोणावर?"

"त्याच्यावर."

ओबदुलियाने वाडग्यात पाहिलं, मग रेमेईकडे पाहिलं, मग पुन्हा वाडग्यात. "नाक तुमचंच आहे हो," ती म्हणाली.

रेमेईला हसू फुटलं. ते थांबेचना. कपाळावर काळा क्रूस, कोपरापर्यंत चिखल, आणि ती पोट धरून हसत होती. बसच्या खिडक्यांना पिवळे रुमाल चिकटले. हसता हसता कधी रडू आलं ते तिला कळलं नाही, आणि लपवावंसंही वाटलं नाही. ओबदुलिया तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

"घ्या हो ते," थोड्या वेळाने ती म्हणाली.

"पण रीत..."

"रीत तुमच्या गावची, आणि तुम्ही काही मागितलं नाही. मी देतेय. अशी तोंडाळ बाई मी घरी नेऊन काय करू? आमच्या घरी मी आहे." तिने चिखलाने आणि काजळीने काळा झालेला रुमाल उचलला, नाकाला लावला आणि छातीशी धरला. "मला हा पुरे. याला मी पाणी लावणार नाही." मग बुटांत पाय कोंबले, छत्रीवर भार देऊन उठली आणि बसकडे गेली. दारात तिला चढवायला दोघं लागले.

बस गेली. धूळ खाली बसली. कमानींच्या सावल्या शेतापर्यंत लांबल्या होत्या.

रेमेई वाडगा मांडीवर घेऊन बसली होती. इतकी वर्षं तिला वाटत होतं, तो बोलायचा आणि आपण ऐकायचो. त्याचं एक वाक्य यायचं बाकी आहे म्हणून ती कान लावून बसली होती. आणि त्याने तर त्यात स्वतःचा एक शब्दही ठेवला नव्हता. शेवटचं काय राखावं असं त्याला वाटलं, तर तिचा आवाज. हा माणूस जन्मभर ऐकत होता. गेली तीन वर्षंही तो ऐकायलाच थांबला होता, कपाटात, अंधारात, आणि तिने त्याला एक अक्षर ऐकवलं नव्हतं.

तिने नाक पुसलं, तेही चिखलाच्या हातानेच, आणि वाडगा तोंडाजवळ आणला.

"हे नाक आहे का माझं?" ती म्हणाली. "आं? आणि त्या दिवशी औषध घेतलं होतंस की ओतून दिलंस, खरं सांग. नेऊसचं काय चाललंय त्याची तरी खबर आहे का तुला? ऐक आता..."